ऑफिसचा कॉम्प्युटर कोणीही सुरू करू नका

*(सोसायटी सभासद ग्रुप, फोंडा)*

शनिवार

ए-१०२ खजिनदार, ७:५२: नमस्कार. ऑफिसचा कॉम्प्युटर सुरू करताच काळ्या पडद्यावर अक्षरं आली, ‘स्मार्ट स्टेटस बॅड, बॅकअप अँड रिप्लेस’. खाली एफ१ दाबा म्हणून. दाबलं, तर विंडोज उघडायला वीस मिनिटं लागली. बुधवारी ऑडिटर येणार. मी मार्चमध्येच इथे लिहिलं होतं, तेव्हा तीन अंगठे आले आणि विषय संपला.

बी-२०४ सेक्रेटरी, ७:५८: मार्चमध्ये गच्चीच्या वॉटरप्रूफिंगचं बिल होतं. पुढे ढकलायचं कमिटीनेच ठरवलं. तुम्हीही बैठकीला होता.

ए-१०२ खजिनदार, ७:५९: होतो. माझा विरोध मिनिट्समध्ये आला नाही, एवढंच.

डी-३०१, ८:०१: विंडोज ७ अजून किती वर्षं ओढणार? विंडोज ११ टाका, फुकट अपग्रेड आहे. प्रश्न मिटला.

सी-२०२, ८:०६: खजिनदार काका, मशीन चालू आहे का? असेल तर सरळ शटडाउन करा आणि पुन्हा बटण दाबू नका. तो संदेश विंडोजचा नाही, बायोसचा आहे, म्हणजे विंडोजच्या आधी जागा होणाऱ्या मदरबोर्डवरच्या प्रोग्रॅमचा. हार्डडिस्क स्वतः सांगतेय की तिच्यावरची जागा खराब होत चालली आहे. विंडोज नुसतं उघडलं तरी ते पेजफाइल, लॉग, अपडेटचे तुकडे असं काहीबाही डिस्कवर लिहीतच राहतं. एकेकदा सुरू करणं महाग पडेल.

सी-२०२, ८:०७: आणि टक-टक असा आवाज येत होता का?

ए-१०२ खजिनदार, ८:१०: बंद केला. आवाज नाही, फक्त अडखळतो.

सी-२०२, ८:११: मग अजून वेळ आहे. टक-टक असती तर घरी काही करू नका म्हटलं असतं. तेव्हा डेटा रिकव्हरीवाल्याकडेच न्यायची.

बी-००३, ८:१४: सगळे ऑनलाइन आहेत तर विचारतो, बी विंगच्या लिफ्टचं काय झालं?

सी-१०१ काकी, ८:१५: पोदेर (पाववाला) आज आला नाही का रे? हॉर्न ऐकू आला नाही.

डी-३०१, ८:२०: दुकानवाल्याला फोन केला. तो म्हणतो चेकडिस्क मारा, नाही जमलं तर फॉरमॅट करून विंडोज ११. मी आधीपासून तेच सांगतोय.

सी-२०२, ८:२९: काका, चेकडिस्क तर अजिबात नको. ते फाइल सिस्टम दुरुस्त करतं, डेटा वाचवत नाही. मरत्या डिस्कवर ते तासन्‌तास वाचत-लिहीत बसतं आणि फोल्डरचा दुवा तुटला की आतल्या फाइली तुकडे करून बाजूला टाकतं. विंडोज ७ सुरू होताना दहा सेकंदांची उलटी मोजणी दिसली, तर कुठलीही कळ दाबून ती थांबवायची.

विंडोज ११ ला टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) लागतं आणि इंटेल असेल तर साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर. आपल्या मशीनमध्ये दोन्ही नाही. ७ वरून १० चं फुकट अपग्रेड अधिकृतपणे २०१६ च्या जुलैत संपलं, मागच्या दाराने चालत होतं तेही २०२३ मध्ये बंद झालं. आणि १० चाही आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला सुटला. नवीन मशीन घ्यावंच लागेल, पण ते नंतर. आधी डेटा.

ए-३०४, ८:४१: मग गूगल ड्राइव्हवर चढवून टाकूया ना. डिस्क कशाला विकत घ्यायची?

सी-२०२, ८:४८: सर, विंडोज ७ ला क्रोमची १०९ ही शेवटची आवृत्ती, तीही २०२३ च्या सुरुवातीची. ड्राइव्हचं डेस्कटॉप ॲप आता त्यावर चालत नाही. ब्राउझरमधून एकेक फोल्डर चढवायचं म्हणजे मरती डिस्क दिवसभर फिरत ठेवायची. शिवाय २०२० च्या जानेवारीपासून सुरक्षा अपडेट नसलेल्या मशीनवर सोसायटीच्या मेलचा पासवर्ड टाकू नये. बँकेचा तर नाहीच. क्लाउडवर पाठवायचंच, पण दुसऱ्या कॉम्प्युटरवरून.

बी-२०४ सेक्रेटरी, ८:५५: ताई, काय काय आणायचं ते एकदाच लिहा. पाच हजारांपर्यंत मी मंजूर करू शकते, वर गेलं तर कमिटी.

सी-२०२, ९:१२: एक टीबीची एक्स्टर्नल डिस्क. आपली ५०० जीबीची आहे आणि तिची पूर्ण प्रतिमा, म्हणजे जशीच्या तशी नक्कल घ्यायची तर वापरलेली-रिकामी सगळीच जागा उतरते. एक ८ जीबीचा पेन ड्राइव्ह, त्यावर मी लिनक्स मिंट (विंडोजऐवजी पेन ड्राइव्हवरूनच चालणारी सिस्टम) घालून आणते. त्यासाठीच्या रूफस या प्रोग्रॅममध्ये, जुना बायोस आहे म्हणून, पार्टिशन स्कीम एमबीआर ठेवायची. दुसरा १६ जीबीचा पेन ड्राइव्ह अगदी महत्त्वाच्या फाइलींसाठी.

एक्स्टर्नल डिस्क एनटीएफएस फॉरमॅटची हवी. एफएटी३२ मध्ये ४ जीबीहून मोठी फाइल बसत नाही, आणि आपली प्रतिमा ५०० जीबीची एकच फाइल असेल. डिस्क मशीनच्या मागच्या यूएसबी पोर्टला लावायची, पुढच्या पोर्टची वायर लांब असते आणि करंट कमी पडला की कॉपी मध्येच तुटते.

यूपीएस लागेलच. कालपासून चार वेळा वीज गेली.

ए-१०२ खजिनदार, ९:१५: यूपीएसची बॅटरी मार्चमध्येच

ए-१०२ खजिनदार, ९:१५: गेली आहे. तेही लिहिलं होतं.

बी-२०४ सेक्रेटरी, ९:१७: आमचा घरचा यूपीएस खाली पाठवते. तो विषय आता पुरे.

बी-००३, ९:१८: लिफ्ट?

डी-३०१, ९:२२: पेन ड्राइव्ह लावा, सगळं सिलेक्ट, कट, पेस्ट. पंधरा मिनिटांचं काम आहे. मग विंडोज ११.

सी-२०२, ९:३०: कट कधीच नाही. मध्येच अडलं तर काही इथे, काही तिथे. साध्या कॉपीतही खराब जागा लागली की विंडोज तिथेच घुटमळत बसतं आणि पुढच्या चांगल्या फाइली राहून जातात. म्हणून लिनक्सवरून. त्यात विंडोज झोपलेलंच राहतं आणि जुनी डिस्क फक्त वाचण्यापुरती उघडता येते. डेस्कटॉपवर ‘इन्स्टॉल’ असं चिन्ह दिसेल, त्याला कोणीही हात लावायचा नाही. त्याने डिस्क पुसली जाऊ शकते.

क्रम असा: आधी टॅलीचा, म्हणजे हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा डेटा, मग शेअर सर्टिफिकेट आणि नॉमिनेशनचे स्कॅन, मग नोटिसा, मिनिट्स. फोटो सगळ्यात शेवटी. एवढं हातात आलं की मगच डीडीरेस्क्यू या लिनक्सच्या प्रोग्रॅमने अख्ख्या डिस्कची प्रतिमा. ते अडलेली जागा सोडून पुढे जातं आणि चांगलं सगळं उचलून झाल्यावर मागे फिरून पुन्हा प्रयत्न करतं.

सी-१०१ काकी, ९:३३: ताई, सगळं नाही समजलं, पण कोणीतरी नीट सांगतंय याचं बरं वाटलं. देव बरें करूं.

बी-१०४, ९:४०: टॅलीबद्दल थोडं. ऑडिटर बॅकअप फाइल मागतील, पण ती आपली जुनी टॅली उघडून ऑल्ट-एफ३ मधून बनते. मशीन सुरू करायचं नाही, तर टॅलीचं डेटा फोल्डरच उचला. आत पाच आकडी नावाची फोल्डर असतात, एक फोल्डर म्हणजे एक कंपनी. सगळीच घ्या, आपलं जुनं वर्ष वेगळ्या कंपनीत आहे. टॅली बंद असताना केलेली कॉपीच खरी. आणि टॅली व्हॉल्टचा, म्हणजे कंपनीचा डेटा कुलूपबंद करणारा पासवर्ड कोणाकडे आहे? तो नसेल तर कॉपी मिळूनही काही उघडणार नाही, तो परत मिळवायची सोय नाही.

ए-१०२ खजिनदार, ९:४४: माझ्याकडे लिहिलेला आहे. आधीच्या खजिनदारांनी पाकिटात दिला होता.

ए-३०४, ९:५८: एक गोष्ट सगळे विसरतात, म्हणून सविस्तर लिहितो. २००९ ते २०१५ च्या नोटिसा आणि मिनिट्स श्रीलिपीच्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केल्या आहेत, युनिकोडमध्ये नाहीत. फाइल नव्या मशीनवर गेली तरी फॉन्ट नसेल तर मराठीच्या जागी निव्वळ इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं दिसतील. लोक समजतात फाइल बिघडली आणि पुसून टाकतात. फाइल धडधाकट असते, आत साठवलेले कोड त्या फॉन्टशिवाय वाचता येत नाहीत, इतकंच. म्हणून सी ड्राइव्हमधल्या विंडोज फोल्डरमधलं फॉन्ट्स फोल्डर पूर्ण घ्या. नव्या मशीनवर फॉन्ट बसवले की प्रत्येक नोटिशीची पीडीएफ करून ठेवा. फॉन्ट पीडीएफच्या पोटात गेला की पुढे कुठेही वाचता येईल. युनिकोडमध्ये बदलणारी साधनं मिळतात, पण रफार आणि जोडाक्षरं हाताने तपासावी लागतात. ठरावातला एक शब्द बदलला तरी पुढे भांडण आहे.

सी-२०२, १०:०१: सर, हे माझ्या यादीत नव्हतं. घेते.

बी-२०४ सेक्रेटरी, १०:०६: आणि पंप रूममधला जुना एक्सपीचा डबा? २००६ पासूनचं सभासद रजिस्टर त्यातच आहे.

ए-१०२ खजिनदार, १०:०७: तो भंगारात द्यायचं ठरलं होतं. नशीब, कोणी नेला नाही.

सी-२०२, १०:१५: तो सुरू करायला जाऊ नका. बरीच वर्षं पंप रूमच्या दमटपणात आहे, आत ओल असेल. डिस्क काढून कोरड्या खोलीत दोन दिवस ठेवूया. तिला चपटी रुंद केबल आहे म्हणजे जुन्या जोडणीची आयडीई, नव्या जोडणीची साटा नाही. कन्व्हर्टर ‘आयडीई ते यूएसबी’ असाच मागा, आणि सोबत १२ व्होल्टचा वेगळा अडॅप्टर हवा, साडेतीन इंची डिस्क यूएसबीच्या करंटवर फिरत नाही. मागचा छोटा जंपर मास्टरवर ठेवायचा, नाहीतर बऱ्याच कन्व्हर्टरना ती दिसतच नाही. डेटा ‘डॉक्युमेंट्स अँड सेटिंग्ज’मध्ये सापडेल, एक्सपीत ‘यूजर्स’ नसतं. फाइलींच्या तारखा २००२ च्या दिसल्या तर घाबरू नका. मदरबोर्डवरचा सीआर२०३२ सेल संपला की घड्याळ मागे जातं.

डी-३०१, १०:२०: एवढं सगळं करण्यापेक्षा विंडोज ११ चा नवा लॅपटॉप घ्या. मी सकाळपासून तेच म्हणतोय.

बी-२०४ सेक्रेटरी, १०:२२: काका, लॅपटॉप घेणारच आहोत. त्यात घालायला रजिस्टर तर हवं.

बी-००३, १०:२५: सगळे खाली जमणारच आहात तर लिफ्टवाल्यालाही बोलवा.

सी-१०१ काकी, १०:२६: मी मिरची भजी पाठवते, पण तेलकट हात कीबोर्डला नको.

रविवार

सी-२०२, १३:४०: टॅली, स्कॅन, नोटिसा, फॉन्ट मिळून ११ जीबी पेन ड्राइव्हवर आले, तासभर लागला. छोट्या फाइली हजारोंनी असल्या की वेग पडतोच. डिस्कच्या अहवालात खराब म्हणून बदललेले सेक्टर (डिस्कवरचे छोटे कप्पे) ४१२, वाचायला अडलेले ३८. दोन स्कॅन उघडत नाहीत, दोन्ही २०१९ च्या पार्किंग वाटपाचे. आता प्रतिमा सुरू केली आहे. यूएसबी २.० वर सेकंदाला ३० एमबी धरले तर ५०० जीबीला साडेचार-पाच तास, अडलेल्या जागांचे वेगळे. कुठवर वाचून झालं याची नोंद ठेवणारी मॅपफाइल एक्स्टर्नल डिस्कवरच ठेवली आहे. वीज गेली तरी तिच्यावरून पुढे चालू करता येईल. यूएसबीवरच्या लिनक्समध्ये ठेवली असती तर मशीन बंद होताच गेली असती.

डी-३०१, १३:४६: पार्किंगचेच कसे गेले?

ए-१०२ खजिनदार, १३:४७: काका, मूळ कागद कपाटात आहेत. पुन्हा स्कॅन करतो. दुसरा अर्थ काढू नका.

बी-१०४, १८:३०: पेन ड्राइव्ह आधी अँटिव्हायरसने तपासला, मग माझ्या मशीनवर टॅलीत डेटा उघडला. ३१ मार्चचा ट्रायल बॅलन्स खजिनदारांकडच्या छापील प्रतीशी पैशापर्यंत जुळला. शेवटचं व्हाउचर शुक्रवारचं आहे, म्हणजे काही मागे राहिलं नाही. ऑडिटर चालतील.

सी-२०२, २०:५५: प्रतिमा पूर्ण. ६ एमबी जागा वाचली गेली नाही, रात्री तीनदा पुन्हा प्रयत्न करायला लावते. एक्स्टर्नल डिस्क हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत खजिनदार काकांच्या घरी, ऑफिसात नको. पेन ड्राइव्ह सेक्रेटरी वहिनींकडे. तिसरी प्रत क्लाउडवर, पण नॉमिनेशनमध्ये सगळ्यांच्या आधारच्या प्रती आहेत, म्हणून ७-झिपने पासवर्ड घालून. तो पासवर्ड टॅलीच्याच पाकिटात.

बी-२०४ सेक्रेटरी, २१:०२: पावती पाठवा, उद्या पैसे देते. खजिनदारसाहेब, मार्चचा तुमचा विरोध पुढच्या बैठकीत मिनिट्समध्ये घेते.

ए-१०२ खजिनदार, २१:१०: बरं. पाकिटावर तारीख घालून दोघांच्या सह्या करू.

बी-००३, २१:११: लिफ्ट अजून दुसऱ्या मजल्यावरच आहे.