दोन कुत्री, एक बीएचके आणि केसच केस: व्हॅक्यूम क्लीनर कोणता घ्यावा?

गोटूची_आई

नमस्कार मंडळी,

आमच्या घरात काळे कपडे घालायची सोय उरलेली नाही, इथूनच सुरुवात करते. मुलुंड, तिसरा मजला, एक बीएचके. माणसं चार, कुत्री दोन. गोटू लॅब्रॅडॉर, सहा वर्षांचा, चौतीस किलो, रंग साजूक तुपाचा. चिमणी स्पिट्झ, पांढरीशुभ्र, वजनाने जेमतेम नऊ किलो, पण केस गाळण्यात गोटूची आजी शोभेल. गोटूचे केस आखूड आणि ताठ, सोफ्याच्या कापडात सुईसारखे रुततात. चिमणीचे लांब, मऊ. ते पंख्याच्या वाऱ्यावर तरंगत सगळीकडे पोचतात. परवा सासूबाईंनी निरांजन लावलं तर वातीशेजारी काहीतरी चर्रकन जळलं आणि न्हाव्याच्या दुकानात इस्त्री पडल्यासारखा वास सुटला. सासूबाई देवाकडे बघत म्हणाल्या, "तुला तरी सवय झाली असेल आता."

सकाळी मी केर काढते, दुपारी मावशी लादी पुसतात, रात्री लेक झाडू फिरवल्यासारखं करतो. झाडू पुढे आणि केस मागे, असा तो खेळ. मावशींचं दुखणं वेगळं आहे. पोछ्याला केस चिकटले की लादीवर ओल्या केसांच्या रेघा उठतात आणि त्या बसून बोटांनी वेचाव्या लागतात. गेल्या महिन्यात त्यांनी सांगून टाकलं, "ताई, कुत्र्यांचे वेगळे पैसे द्या, नाहीतर दुसरी बघा." तीनशे वाढवले. बरोबरच होतं त्यांचं.

त्यात सासूबाईंना दमा. पंप उशाशी असतो.

माळ्यावर माहेरून आलेला एक जुना व्हॅक्यूम आहे, नव्वदच्या दशकात टाय लावून दारावर आलेल्या सेल्समनकडून बाबांनी घेतलेला. ओढतो अजून झकास. पण तो उतरवून नळ्या जोडेपर्यंत वीस मिनिटं जातात, चिमणी पलंगाखाली जाऊन थरथरत बसते, आणि कापडी पिशवीतून मागच्या बाजूने जी गरम हवा बाहेर पडते तिला ओल्या कुत्र्याचा वास येतो. सासूबाईंचा खोकला तिथून सुरू.

गेल्या वर्षी ऑनलाइन एक स्वस्तातला बिनवायरचा घेतला. पंधरा दिवसांत त्याच्या गोल ब्रशवर केसांचा असा पीळ बसला की शिवणाच्या कात्रीने कापून काढावा लागला. महिन्याभरात ब्रश फिरायचाच थांबला. कंपनीचा माणूस म्हणाला, "मॅडम, प्राण्यांचे केस वॉरंटीत येत नाहीत." खोक्यावर मात्र हसरा कुत्रा छापलेला!

बजेट पंधरा हजार, फार तर वीस. दुकानात गेलं की जो तो वॉट सांगतो. एक म्हणतो सोळाशे वॉटचा घ्या, दुसरा सहाशेचाच पुरे म्हणतो. रोबो घ्यावा का? आणि मुख्य म्हणजे तो ठेवू कुठे? घरात मोकळी जागा म्हणजे फ्रिज आणि भिंत यांच्यामधली वीतभर फट.

---

पारल्याचा_भूभूवाला

ताई, आमच्याकडे जर्मन शेफर्ड आहे, त्यामुळे तुमचं दुःख अंगावर आलं. म्हणजे अक्षरशः.

पहिलं म्हणजे वॉट विसरा. वॉट म्हणजे मशीन वीज किती खातं, केर किती ओढतं ते नव्हे. युरोपात २०१४ मध्ये १६०० वॉटच्या वरच्या आणि २०१७ पासून ९०० च्या वरच्या घरगुती व्हॅक्यूमवर बंदीच आली, म्हणून काही तिकडची घरं घाण राहिली नाहीत. ओढ बघायची तर किलोपास्कल किंवा एअर वॉट विचारा. दुकानदार दुसरीकडे बघायला लागला तर दुकान बदला.

पण तुमच्या दोन्ही कुत्र्यांसाठी ओढीपेक्षा मशीनचं पुढचं तोंड महत्त्वाचं. साध्या लादीवर केस आरामात ओढले जातात. अडचण सोफा, गादी आणि पायपुसण्याची. तिथे फिरता ब्रशच लागतो, आणि त्यात दोन जाती आहेत. एक हवेच्या ओढीवर फिरतो, दुकानात त्याला टर्बो ब्रश म्हणतात. कापडावर जरा दाबला की मंदावतो, केसांचा गुंता झाला की थांबतो. दुसऱ्याला स्वतःची छोटी मोटर असते. लॅबच्या रुतलेल्या केसांना दुसराच हवा. त्यातही नुसत्या केसाळ ब्रशऐवजी रबराच्या पट्ट्यांचा रोलर असेल तर चिमणीचे केस कमी गुंडाळतात. 'अजिबात गुंतत नाहीत' असं कोणी म्हणालं तर मान डोलवा आणि रोलर हाताने काढता येतो का ते तिथेच काढून बघा.

सासूबाईंसाठी: त्रास केसांचा नसतो, कुत्र्याच्या लाळेतल्या आणि कोंड्यातल्या प्रथिनांचा असतो. ती केसांवर बसून घरभर फिरतात. हेपा फिल्टर ०.३ मायक्रॉनचे ९९.९७ टक्के कण अडवतो, पण मशीनच्या सांध्यांमधून हवा गळत असेल तर मागे हेपा बसवून उपयोग शून्य. तुमच्या माहेरच्या मशीनचं तेच होतंय. पिशवीत जाड केर राहतो आणि बारीक सगळा सासूबाईंच्या नाकाशी. कागदी पिशवीवालं बंद मशीन दम्याला उत्तम, कारण रिकामं करताना धूळ उडत नाही. पण पिशव्या सतत मिळतील का, ते आधी विचारा. आमच्या मॉडेलच्या दोन वर्षांत बंद झाल्या.

---

ब्रशबाई

व्हॅक्यूम घ्या, पण तो दुसरा. पहिला कंगवा.

लॅब आणि स्पिट्झ दोघांचा कोट दुहेरी, वर राठ, आत लोकर. आतली लोकर सुटते तेव्हा घरात हिमाचल होतं. अंडरकोट रेक (आतली लोकर काढणारा लांब दातांचा कंगवा) आणि स्लिकर ब्रश (बारीक तारांचा) घेऊन आठवड्यातून तीन-चारदा गॅलरीत विंचरा. आंघोळीच्या आधी विंचरायचं, नंतर नाही. ओली लोकर नमद्यासारखी घट्ट बसते. केसगळती बरीचशी दिवसाच्या लांबीवर चालते, आणि आपली कुत्री रात्री अकरापर्यंत ट्यूबलाइटखाली, म्हणून बिचारी बारा महिने गाळतात.

आणि उन्हाळा म्हणून चिमणीचा गोटा करून आणू नका!! तो कोट ऊन अडवतो. शिवाय परत धड उगवेलच असं नाही.

सोफ्यासाठी भांडी घासायचा रबरी हातमोजा जरा ओला करून एकाच दिशेने ओढा. खर्च साठ रुपये.

---

लोअर_परळ_पाचवा_माळा

रोबोबद्दल मी सांगतो, कारण भोगलंय. सपाट लादीवर तो खरंच छान. रोज दुपारी बारा वाजता आपला आपण निघतो, पलंगाखालचे केस काढतो, परत जागेवर जाऊन बसतो. दोन सेंटीमीटरपर्यंतचा उंबरठा चढतो, आमच्या बाथरूमचा चढत नाही.

एके दिवशी आम्ही दोघं ऑफिसला. कुत्र्याचं पोट बिघडलेलं. बारा वाजले.

त्याने ते हॉलमध्ये नेलं, बेडरूममध्ये नेलं, सोफ्याच्या चारही पायांभोवती व्यवस्थित गोल फिरवलं. नकाशा बघून काम करतो ना, एक कोपरा सोडला नाही. मोबाइलवर मेसेज आला, सफाई पूर्ण.

घरात माणूस असेल तरच रोबो लावा.

---

गोटूची_आई

हसून हसून डोळ्यांतून पाणी आलं. ते ह्यांना वाचून दाखवलं, रोबोचा विषय त्यांच्याकडूनच बंद. गोटूचं पोट महिन्यातून एकदा बिघडतंच, खाली वडापावची गाडी आहे.

ब्रशबाई, गॅलरीत विंचरून बघितलं. केसांचा पुंजका वाऱ्यावर उडाला तो थेट दुसऱ्या मजल्यावरच्या आजींच्या वाळत घातलेल्या पोह्याच्या पापडांवर. आता बाथरूममध्ये दार लावून विंचरते. आजींना अर्धा किलो पापड विकत आणून दिले. त्या म्हणाल्या, "विकतच्याला ती चव नाही."

तर आता प्रश्न असा: बिनवायरचा की वायरचा? एकदा पोळल्यामुळे भीती वाटते.

---

वायरमन_काका

माझं मिक्सर, पंखे, व्हॅक्यूम दुरुस्तीचं दुकान आहे. माझ्या टेबलावर काय येतं ते सांगतो, मग तुम्ही ठरवा.

वायरवाल्यात जळालेली मोटर येते. दहातल्या सात वेळा मोटरचा दोष नसतो. फिल्टर महिनोन्‌महिने धुतलेला नसतो, हवा कोंडते, मोटर तापते. बऱ्याच मशीनला थर्मल कटआउट असतो, तापलं की आपोआप बंद पडतं. लोक समजतात बिघडलं, पाच मिनिटांनी परत चालू करतात, परत बंद, परत चालू. असं करून करून मारतात. बंद पडलं तर तासभर थांबा आणि नळी तपासा. नळी सरळ धरून वरून एक रुपयाचं नाणं सोडा. खाली टणकन पडलं तर नळी मोकळी. नाही पडलं तर वाकणापाशी केसांचा बोळा आहे. आणि नाणं काढून घ्या, ते विसरणारेही येतात.

बिनवायरवाल्यात दोन गोष्टी: गेलेली बॅटरी आणि रोलरची टोकं. केस रोलरच्या मधे दिसतात म्हणून लोक तिथले कापतात. खरा घात टोकांना. केस बेअरिंगच्या टोपणात शिरतात, घासून तिथलं प्लास्टिक वितळतं. ताई, तुमचं मशीन तिथेच मेलं असणार. दर रविवारी टोपण काढून चिमट्याने केस ओढा, दोन मिनिटांचं काम.

घेताना बॅटरी खटक्याने निघणारी घ्या. स्क्रूने आत बंद केलेली असेल तर दोन-चार वर्षांनी माझ्याकडेच याल. खोक्यावर चाळीस मिनिटं लिहितात ती सगळ्यात हळू वेगाची, पूर्ण वेगात आठ-दहा मिनिटं धरा. एक बीएचकेला तेवढी पुरतात.

वायरचा घेतला तर १४०० वॉट म्हणजे सहा अँपिअरच्या आसपास. जुन्या बिल्डिंगमधल्या छोट्या ढिल्या प्लगला लावू नका.

पावसाळ्यात फिल्टर धुतलात तर आपल्याकडे तो एका दिवसात वाळत नाही. ओला बसवला की वास येतो, मोटरही जाते. दोन फिल्टर ठेवा, एक आत, एक दोरीवर. आणि सांडलेलं पाणी साध्या मशीनने ओढू नका. एका बाईंनी ताक ओढलं होतं. कशाला ओढलं विचारलं तर म्हणाल्या, सांडलं म्हणून.

---

गोटूची_आई

महिन्याने आले, पण सांगितल्याशिवाय राहवलं नाही.

बिनवायरचाच घेतला. मोटरवाला रबरी रोलर, खटक्याने निघणारी बॅटरी, मागे हेपा. अठरा हजार दोनशे, वर जादा फिल्टरचे नऊशे. दुकानात रोलर काढून बघत होते तेव्हा सेल्समन म्हणाला, "मॅडम, तुमचं दुकान आहे का?" वायरमन काका, तुम्हाला नमस्कार पोचवते.

वायरच्यात ओढ जास्त आहे हे मला कळतं. पण माळ्यावरच्या त्या माहेरच्या मशीनने शिकवलं की जे काढायला वीस मिनिटं लागतात ते दिवाळीलाच निघतं. हा फ्रिजशेजारच्या फटीत खुंटीला टांगलाय, येता-जाता हाताला लागतो. सकाळी पोळ्यांचा तवा तापेपर्यंत हॉल होतो.

पहिल्या दिवशी डबा तीनदा भरला. दाबून बसवलं असतं तर तिसरा कुत्रा झाला असता. डबा रिकामा करताना मी तो आधी पिशवीत घालते, तोंड मुठीत घट्ट धरते आणि मगच आतलं झाकण उघडते, तेही बाथरूममध्ये. सासूबाईंना सकाळचा खोकला कमी आहे असं त्या म्हणतात. मी विंचरायला लागले त्याचाही हात असेल. ब्रशबाई, श्रेय अर्धं तुमचं.

चिमणी अजून भुंकते. आधी आठवडाभर मशीन बंदच ठेवून शेजारी चिकन ठेवत होते, त्यामुळे पलंगाखाली जाणं तरी थांबलं. गोटू रोलरसमोर आडवा पडतो, त्याला ओलांडून जावं लागतं.

तक्रार एकच. सोफ्याच्या शिवणीत रुतलेले गोटूचे केस याने निघत नाहीत, तिथे साठ रुपयांचा हातमोजाच. मावशींनी आधी हात लावला नाही, "मला नको ते, करंट बसेल." परवा मी आंघोळीला गेले तर बाहेरून घूं घूं आवाज. येऊन बघते तर मावशी फ्रिज पुढे ओढून त्याच्या मागे घुसलेल्या. केसांचा एक अख्खा नमदा निघाला, आणि त्यात गुंडाळलेली एक राखी, दोन टिकल्या, सासूबाईंच्या गोळ्यांची पट्टी आणि गेल्या गणपतीत हरवलेला गोटूचा चेंडू.