मदत हवी आहे: काळ्या रानात चालणाऱ्या व्हीलचेअरसाठी

नमस्कार मंडळी, मी सांगलीत मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षाला आहे, प्रोजेक्टला व्हीलचेअर घेतलीय कारण घरचाच विषय आहे. तासगावकडं माझा चुलतभाऊ झाडावरून पडला, मणक्याला मार लागला, कमरेखाली संवेदना नाही. एका शिबिरात व्हीलचेअर मिळाली पण ती फरशीवरची, पुढची दोन बारकी चाकं काळ्या मातीत रुततात आणि खुर्ची पुढं कलंडते, त्यामुळं जून ते ऑक्टोबर दादा पडवीतच बसून असतो. बघवत नाही.

आयआयटी मद्रासचं निओबोल्ट बघितलं, म्हणजे व्हीलचेअरला पुढं जोडायचं मोटरचं चाक, ते जोडलं की बारकी चाकं जमिनीवरून उचलली जातात. आयडिया एकदम बरोबर आहे पण आम्हाला मोटर परवडणार नाही, म्हणून सायकलचं चाक आणि क्लॅम्प लावून साधं जोडायचं बघतोय. सध्या फूटरेस्टजवळ पाइप वाकतोय. हे काम जमणारा फॅब्रिकेशनवाला कुपवाड एमआयडीसीत कुणाच्या ओळखीचा आहे का?

आणि दुसरं, जास्त महत्त्वाचं. दादाला बेडसोअर (एकाच जागी दाब पडून होणारी जखम) झाला होता, काकू अजून रोज रात्री आरसा धरून पाठ, कुल्ले बघते. संवेदनाच नसल्यानं धक्के बसलेले त्याला कळणार नाहीत. तेव्हा मिरज सांगलीतले कुणी फिजिओथेरपिस्ट किंवा ऑक्युपेशनल थेरपिस्ट एकदा बसण्याची पोझिशन आणि गादी तपासून देतील का? त्याआधी मी त्याला रानात नेणार नाही. फी सांगा, देतो.