नंबर ९६ फक्त नग्नतेवर चालली?

कुणीतरी म्हटलंय की 'नंबर ९६' ही ऑस्ट्रेलियन टीव्ही मालिका म्हणजे नुसता उघडेपणा, बाकी काही नाही. अर्धं पटतं. १३ मार्च १९७२ला ही मालिका सुरू झाली तेव्हा प्रेक्षक खेचायला अभिनेत्री अ‍ॅबिगेलने साकारलेली बेव्ह होतीच, आणि वाहिनीने त्याची जाहिरातही दणकून केली.

पण सुरुवातीच्या भागांतलं खरं धाडस मला डॉन फिन्लेसनमध्ये दिसतं. सिडनीच्या पॅडिंग्टनमधल्या इमारतीत राहणारा हा वकील समलिंगी आहे. बेव्ह त्याच्या प्रेमात पडते आणि मग तिला हे कळतं. अभिनेता जो हॅशम याने तो इतका साधा, समंजस रंगवलाय की शेजारी अडचणीत आले की त्याच्याकडेच धाव घेतात. ना नखरे, ना टिंगल, ना शिक्षा म्हणून मरण. त्या वेळी सिडनी ज्या राज्यात आहे त्या न्यू साउथ वेल्समध्ये पुरुषांमधले समलिंगी संबंध गुन्हा होते, ते थेट १९८४पर्यंत!

शिवाय डॉरी इव्हान्स विसरू नका. चुकीचे शब्द ठासून बोलणारी, चाळीत हमखास भेटेल अशी चौकस बाई. आणि खाद्यपदार्थांच्या दुकानातला आल्डो. लोक रोज रात्री टीव्हीसमोर बसले ते या शेजाऱ्यांमुळेही, असं मला वाटतं.

दुर्दैव असं की सुरुवातीच्या कृष्णधवल भागांच्या बहुतेक टेप पुसल्या गेल्या. त्यामुळे आज आपण त्या सुरुवातीच्या काळाबद्दल मत देतोय ते फार थोडक्या उरलेल्या भागांवरून. उरलेल्यांत पहिला भाग मिळाला तर जरूर बघा.