अनुभव धागा: शिवाजी, पुणे, मुंबई की आणखी कुठलं? कोल्हापूरकरांनो, तुम्हाला तुमचं विद्यापीठ मानवलं का?

वर्गशिक्षिका
निकाल लागले की कोल्हापुरात घरोघरी एकच वाद सुरू होतो. इथंच शिवाजी विद्यापीठात राहायचं, की पुण्या-मुंबईची वाट धरायची? मी कनिष्ठ महाविद्यालयात शिकवते, त्यामुळं हा वाद माझ्या टेबलापर्यंत येतोच. बहुतेक पालकांचं आधीच ठरलेलं असतं: 'पुण्याचं नाव मोठं.' कुठल्या विषयात मोठं, हे विचारलं की गप्प.

नावाचा हिशोब मला ठाऊक आहे, तो इथं परत मांडू नका. मुंबई १८५७ चं, नागपूर १९२३ चं, पुणे १९४९ चं, आपलं १९६२ चं. नॅकची, म्हणजे महाविद्यालयं-विद्यापीठं तपासून श्रेणी देणाऱ्या राष्ट्रीय संस्थेची, ए प्लस प्लस श्रेणी शिवाजीला २०२१ मध्ये मिळाली, मुंबईलाही त्याच वर्षी. पुण्याला २०१७ मध्ये ए प्लस. एनआयआरएफने, म्हणजे केंद्र सरकारच्या क्रमवारीने, २०२४ साली राज्यांच्या सार्वजनिक विद्यापीठांची वेगळी यादी काढली, तीत पुणे देशात तिसरं. म्हणजे एका मोजपट्टीनं आपण पुढं, दुसरीनं ते. यावरून एखाद्या पोराचं काय ठरवायचं?

मला हवंय ते वेगळं. विषय कुठला, विभाग किंवा कॉलेज कुठलं, तिथं काय मिळालं, काय नाही, आणि पुढं नोकरीच्या दारात त्या नावाचा उपयोग झाला का. तक्रार असेल तर जरूर लिहा, पण कुणाचं नाव घेऊन चिखलफेक नको.

माझ्यापासून सुरुवात करते. आजोबा राजाराम कॉलेजचे, पण पदवी पुणे विद्यापीठाची, कारण शिवाजी विद्यापीठ तेव्हा झालंच नव्हतं. वडीलही राजारामचेच, त्यांची पदवी शिवाजीची. कॉलेज १८८० पासूनचं, तेच. त्यामुळं 'विद्यापीठ बदललं की शिक्षण बदलतं' असं कुणी म्हणालं की मला या दोन पदव्या आठवतात. मी स्वतः एम.ए. इथलीच, इंग्रजी. पाठ थोपटून घेण्यासारखं काही नाही, पण ग्रंथालय उत्तम होतं आणि खर्च वडिलांच्या पगारात बसला.

पातळथर
शिवाजी विद्यापीठ, भौतिकशास्त्र, एम.एस्सी. आणि मग पीएच.डी. थोडं लांबवर लिहितोय, विषय जवळचा आहे.

आमच्या विभागाची ओळख म्हणजे थिन फिल्म. काचेच्या पट्टीवर एखाद्या ऑक्साइडचा थर द्यायचा, इतका पातळ की डोळ्याला नुसती रंगाची छटा कळते. सोलर सेल, गॅस सेन्सर, सुपरकपॅसिटर, सगळ्यांत हेच काम लागतं. मोठ्या संस्थांत यासाठी महागडी व्हॅक्यूम यंत्रणा असते. आम्ही द्रावण तयार करून तापलेल्या काचेवर फवारायचो, स्प्रे पायरोलिसिस. हीटर गेला, थर्मोकपल चुकीचं तापमान दाखवायला लागलं, की कंपनीच्या माणसाची वाट बघायची पद्धत नव्हती. आपणच खोलायचं. उद्यमनगरातल्या लेथवाल्याकडून नोझलचा होल्डर करून घेणारा मी काही एकटा नसेन. फौंड्री आणि इंजिनांच्या गावात शिकण्याचा हा फायदा कुठल्याच क्रमवारीत धरत नाहीत.

पोस्टडॉकला दक्षिण कोरियाला गेलो. तिथल्या प्राध्यापकाला 'महाराष्ट्र' सांगून समजलं नाही, 'कोल्हापूर' म्हटल्यावर लगेच समजलं. आमच्या आधीची बरीच मंडळी तिथं काम करून आलेली. रविवारी पिठलं-भाकरी करणारं टोळकंसुद्धा तयार होतं.

आता उणी बाजू. हे सगळं मटेरियल सायन्सचं झालं. कुणाला खगोलभौतिकी करायची असेल तर त्यानं सरळ पुण्याची गाडी धरावी. आयुका ही खगोलशास्त्राची संशोधन संस्था १९८८ पासून पुणे विद्यापीठाच्या आवारातच आहे, पाषाण रस्त्याला एनसीएल ही रसायनशास्त्राची प्रयोगशाळा आणि आयसर ही विज्ञानशिक्षणाची संस्था. नुसती व्याख्यानं ऐकत फिरलं तरी वर्षभरात नजर बदलते. आयुका उभी करणारे जयंत नारळीकर जन्मानं कोल्हापूरचे, पण त्यांचा विषय शिकायला कोल्हापूर सोडावंच लागतं.

सारांश विचाराल तर एकाच विद्यापीठाचं नाव एका विषयात जगभर चालतं आणि शेजारच्या विषयात कऱ्हाडच्या पुढं जात नाही.

बार्शीलाइट
वरच्याशी सहमत. मी बार्शीचा. आमचा सोलापूर जिल्हा २००४ पर्यंत शिवाजी विद्यापीठाखालीच होता, त्यामुळं बी.कॉम. बार्शीत आणि पदवीवर कोल्हापूरचं नाव. कागदपत्राचं काही काम निघालं की रात्रीची एस.टी. धरायची, सकाळी सीबीएसवर, म्हणजे कोल्हापूरच्या मध्यवर्ती बसस्थानकावर, उतरायचं, मिसळ खायची आणि विद्यापीठ गाठायचं. धाकट्या भावाच्या वेळेला सोलापूर विद्यापीठ झालं. एका जिल्ह्याचं विद्यापीठ म्हणून सुरुवातीला लोक हसले. भाऊ मात्र सकाळी जाऊन दुपारी काम करून घरी परत. नोकरी दोघांनाही सहकारी संस्थेतच लागली. मुलाखतीत कुणी विद्यापीठ विचारलं नाही, टॅली हे हिशोबाचं सॉफ्टवेअर येतं का ते विचारलं.

तिसरीघंटा
माझा विषय नाटक. इथं 'फिट'चा प्रश्न खरा कळतो, कारण राज्यात नाट्यशिक्षणाचे विभाग बरेच आहेत आणि प्रत्येकाचा पिंड वेगळा.

घर केशवराव भोसले नाट्यगृहाच्या जवळ, म्हणजे आजाराची लागण घरातूनच. (२०२४ च्या ऑगस्टमध्ये ते जळताना बघितलं, त्याबद्दल इथं लिहीत नाही.) शिवाजी विद्यापीठातही संगीत-नाट्य विभाग आहे, पण मला घराबाहेर पडायचं होतं. पर्याय तीन. पुण्याचं ललित कला केंद्र, मुंबई विद्यापीठाची थिएटर अकादमी आणि औरंगाबादचा, म्हणजे आता छत्रपती संभाजीनगरचा, नाट्यशास्त्र विभाग. ललित कलाला गुरुकुल पद्धत, सतीश आळेकरांनी बरीच वर्षं सांभाळलेला विभाग, बाहेर पडलं की पुण्यातली प्रायोगिक मंडळी. मुंबईला मालिका-सिनेमा हाकेच्या अंतरावर, त्याचा मोहही हाकेच्या अंतरावर.

मी मराठवाडा निवडलं. सगळ्यांनी वेड्यात काढलं. तिथं बरोबरची पोरं बीड, परभणी, जालना, नांदेडची. कुणाच्याही भाषेला 'शुद्ध कर' असं कुणी म्हणत नव्हतं. माझं कोल्हापुरी 'लई' आणि 'काय वं' तिथं पहिल्यांदा रंगमंचावर हक्कानं बोललो. एकांकिका, लोकनाट्य, आंबेडकरी जलसे, याची जी ओळख तिथं झाली ती मला पुण्यात झाली नसती असं माझं ठाम मत आहे. पुण्यात शिकलेल्या मित्रांची प्रकाशयोजनेची, संहितेची जाण माझ्यापेक्षा पक्की आहे, हेही मान्य. आता मुंबईत काम करतो. ऑडिशनला पदवी कुणी बघत नाही, पण आमच्या विभागाची माणसं सगळीकडे पेरलेली आहेत, ती फोन उचलतात.

ऊसपट्टा_शिरोळ
शेतीवाल्यांना कुणी विचारतच नाही, म्हणून मीच लिहितो. राज्यात कृषी विद्यापीठं चार: राहुरी, अकोला, परभणी, दापोली. कोल्हापूरचं कृषी महाविद्यालय राहुरीखाली. लोकांना वाटतं शिवाजी विद्यापीठाचं आहे. न्हाई.

बी.एस्सी. ॲग्री इथं केलं. शेवटच्या वर्षी 'रावे' असतं, गावात राहून शेतकऱ्याबरोबर काम. मला गाव मिळालं ते आमच्यासारखंच उसाचं. वडील म्हणाले, 'हे शिकायला कॉलेजात कशाला घातलं?' पण पाडेगावच्या ऊस संशोधन केंद्रावर फुले २६५ सारखी उसाची जात कशी तयार होते, चोपण जमिनीत ती का तग धरते, हे समजून आल्यावर आमच्या शिवारातल्या खारपड जमिनीकडं बघायची नजर बदलली. एम.एस्सी. दापोलीला केली, काजूवर. वेंगुर्ल्याच्या जाती, कलमं, सगळं तिथलंच. आज आजरा-चंदगडकडच्या काजूवाल्यांना सल्ला देतो, ते दापोलीमुळं. ऊसवाल्यानं राहुरी, कोकणच्या अंगाला असलेल्यानं दापोली, साधं गणित. क्रमवारी बघून अकोल्याला गेला असतो तर कापूस शिकून आलो असतो. आमच्याकडं कापूस कोण लावतंय?

सनदवाली
शहाजी लॉ कॉलेज, शिवाजी विद्यापीठ. माझ्या वर्गातली निम्मी हुशार मंडळी पुण्याला गेली, कारण उच्च न्यायालयाचं काम करायचं तर तिकडूनच मुंबईला जायचं असा विचार. अशिलानं मला आजवर विद्यापीठ विचारलेलं नाही. सनद आहे का, तारीख कधीची आणि फी किती, एवढंच. पण १८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरात बसतंय, सहा जिल्ह्यांचं काम इथं येतंय. आता इथं शिकत असतानाच उच्च न्यायालयातला युक्तिवाद कानावर पडतो. पाच वर्षांपूर्वीचा सल्ला आज देऊ नका, इतकंच सांगते. विद्यापीठ तेच आहे, गाव बदललंय.

कालिना_ते_कोडोली
मुंबई विद्यापीठ, समाजशास्त्र, एम.ए. हा विभाग १९१९ चा, देशातला पहिला, आणि आपल्या मालवणचे गो. स. घुर्ये तिथंच होते. मला 'जात' हा विषय शिकायचा होता, त्यामुळं दुसरीकडं जायचा प्रश्नच नव्हता. वर्गात मणिपूरपासून केरळपर्यंतची मुलं. पहिले काही महिने इंग्रजीनं दमवलं. कोडोलीतून थेट तिथं, मराठी माध्यम. मग लक्षात आलं की बोलायला माझ्याकडं जास्त आहे, फक्त शब्द उशिरा येतात.

पैशाचं स्पष्ट लिहिते, कुणी लिहीत नाही म्हणून. सार्वजनिक विद्यापीठात फी हा मोठा खर्च नसतो, राहणं असतो. मुंबईतलं कॉटभाडं आणि लोकल यांत माझ्या फीच्या कितीतरी पट गेले. याच पैशात कोल्हापुरात दोघी शिकल्या असत्या. माझी धाकटी बहीण शिकलीच तशी, शिवाजीला, सोशल वर्क. दोघींच्या पगारात आज फारसा फरक नाही. मला संशोधनात जायचं होतं म्हणून मुंबई कामी आली, तिला गडहिंग्लजच्या गावांत काम करायचं होतं.

वर्गशिक्षिका
@कालिना_ते_कोडोली, राहण्याच्या खर्चाचं बरोबर आहे. त्यात एक भर. शिवाजी विद्यापीठातलं कमवा आणि शिका अजून चालू आहे, काम करून राहण्या-शिकण्याचा खर्च भागवणारी मुलं दर वर्षी असतात. शाहू महाराजांनी बोर्डिंगं काढली त्या गावात हे असायलाच हवं. शिवाय २०२४-२५ पासून आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची पूर्ण फी माफ आहे. अजूनही पालक 'मुलीसाठी एवढा खर्च' म्हणतात तेव्हा मी हे आधी सांगते.

नाव_सांगत_नाही
तक्रार चालेल म्हणालात म्हणून. राज्यातल्याच एका मोठ्या नावाच्या विद्यापीठात होते. शेवटच्या सत्राचा निकाल इतका लांबला की दुसऱ्या राज्यातला पक्का झालेला प्रवेश गेला. नामांकनाच्या याद्यांत निकाल किती दिवसांत लागतो याचा रकाना ठळक छापा, बाकीचं नंतर. प्रवेश घेण्याआधी तिथल्या मागच्या दोन बॅचच्या मुलांना हाच एक प्रश्न विचारा.

डेपोवाला
तुमच्या चर्चेत आमचं विद्यापीठ आलंच नाही. यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ, नाशिक, १९८९ चं. मी एस.टी.त वाहक. ड्युटी लावून घ्यायची आणि रविवारी अभ्यासकेंद्रावर. पुस्तकं अशी लिहिलेली की शिकवायला कुणी नसलं तरी चालतं. शेजारी म्हणाले, मुक्तची पदवी चालत न्हाई. जाहिरातीत 'सांविधिक विद्यापीठाची पदवी' असं असतं, आणि मुक्त विद्यापीठ विधिमंडळाच्या कायद्यानंच झालंय. खात्याची लिपिकाची परीक्षा त्याच पदवीवर दिली, आता खिडकीच्या आत बसतो. शिवाजी विद्यापीठाचं दूरशिक्षणपण आहे, पण मला तेव्हा मुक्तचं वेळापत्रक जमलं. जमणं महत्त्वाचं.

जयसिंगपूरचा_बाप
मुलाला इंजिनिअरिंग. शिवाजी की लोणेरे की पुणे?

वर्गशिक्षिका
इंजिनिअरिंगला आधी कॉलेज आणि शाखा बघा, विद्यापीठ शेवटी. सांगलीचं वालचंद १९४७ चं आणि स्वायत्त, पेपर तेच काढतं, पदवी शिवाजीची. पुण्याचं सीओईपी २०२२ पासून स्वतःच विद्यापीठ आहे. लोणेरेच्या बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठाखाली आता राज्यभरची कॉलेजं आहेत, आपल्या भागातलीही. बऱ्याच कॉलेजांत कॅपच्या, म्हणजे केंद्रीय प्रवेशप्रक्रियेच्या, जास्त जागा होम युनिव्हर्सिटीच्या मुलांसाठी असतात. म्हणून शिवाजीच्या हद्दीतल्या मुलाला इथल्या चांगल्या कॉलेजात जी शाखा मिळते ती पुण्यात त्याच गुणांवर मिळेलच असं नाही. मागच्या वर्षीचे कटऑफ काढताना होम आणि बाहेरचे असे दोन वेगळे बघा.

बीएस्सी_तिसरं_वर्ष
@पातळथर सर, मी विवेकानंद कॉलेजची. फिजिक्स. पुण्याची प्रवेशपरीक्षा आणि शिवाजीची, दोन्ही देणार आहे. दोन्हीकडं मिळालं तर? आवड अजून नक्की नाही.

पातळथर
दोन्ही द्याच. आवड नक्की नाही म्हणताय, तर उन्हाळ्यात आपल्या विभागात येऊन प्रयोगशाळा बघा, पीएच.डी.ची पोरं दाखवतील, फक्त सकाळी या, दुपारी फर्नेस चालू असतात. पुण्याला आयुकात राष्ट्रीय विज्ञान दिनाला खुला दिवस असतो, तोही बघून या. हाताला काम हवंसं वाटलं तर इथं, फळ्यासमोर वेळ विसरत असाल तर तिथं. आणि विद्यापीठ बदलायचं ठरलं तर मायग्रेशनचा अर्ज निकाल लागल्याबरोबर टाका, पात्रतेची मुदत संपत आल्यावर ती खिडकी फार गर्दीची असते.