नवीन टीम, दोन स्प्रिंट झाले, तरी स्टोऱ्या निम्म्यासुद्धा पूर्ण होत नाहीत

कोरा_बोर्ड
पाच डेव्हलपर, दोन टेस्टर, शिवाय प्रॉडक्ट ओनर (पीओ, काय बनवायचं ते ठरवणारा) आणि स्क्रम मास्टर (पद्धत नीट चालते ना ते पाहणारा), अशी नऊ जणांची टीम. सगळे स्क्रमला (ठरावीक मुदतीच्या छोट्या टप्प्यांत सॉफ्टवेअर बनवायची पद्धत) नवे. स्प्रिंट, म्हणजे असा एक टप्पा, दोन आठवड्यांचा. पहिल्या स्प्रिंटमध्ये ३४ पॉइंट (प्रत्येक स्टोरीच्या, म्हणजे कामाच्या एका तुकड्याच्या, आकाराचा अंदाज) घेतले, झाले १३. दुसऱ्यात ३० घेतले, झाले ११. आठव्या दिवसापर्यंत बहुतेक कार्डं 'चालू' या रकान्यातच असतात आणि शेवटच्या दोन दिवसांत टेस्टरांपुढे ढीग पडतो. डेली (टीमची रोजची बैठक) ३५-४० मिनिटं चालते. मॅनेजर म्हणतात, टीमने कमिटमेंट पाळली नाही. स्प्रिंट तीन आठवड्यांचा केला तर फरक पडेल का? की एस्टिमेशनच चुकतंय?

उजवीकडून_डावीकडे
तीन आठवडे करू नका. ढीग तसाच पडेल, फक्त तेराव्या दिवशी पडेल. एस्टिमेशनही सध्या बाजूला ठेवा. तुमची अडचण एकाच वेळी खूप कामं उघडी असण्याची आहे.

पुढच्या स्प्रिंटला ११-१२ पॉइंटच घ्या. आकडा लाजिरवाणा वाटेल, पण दोन स्प्रिंटचा पुरावा तेवढाच आहे. अर्धवट स्टोरीला अर्धे पॉइंट देऊ नका, ती शून्यच. काम लवकर संपलं तर बॅकलॉगमधून (राहिलेल्या कामांच्या यादीतून) पुढची स्टोरी ओढता येतेच.

'चालू' आणि 'टेस्टिंग' मिळून चारपेक्षा जास्त कार्डं नकोत. माणसं सात आणि कार्डं चार, म्हणजे काही कार्डांवर दोघं बसणार. सुरुवातीला कुरकुर होईल, होऊ द्या. हातातलं काम संपलेल्या माणसाने बोर्ड उजवीकडून पाहावा: टेस्टिंगमध्ये अडकलेलं काही आहे का, कोड रिव्ह्यू (दुसऱ्याने कोड तपासणं) कुणाची वाट बघतोय का? दोन्ही नसेल, तरच नवीन कार्ड.

आता स्टोऱ्या कशा कापता ते पाहा. 'डेटाबेस टेबल', 'एपीआय', 'स्क्रीन' अशी तीन कार्डं असतील तर तिसरं होईपर्यंत टेस्टरच्या हातात काहीच पडत नाही. 'पासवर्ड विसरलात?' ही सोय घ्या. पहिली स्टोरी: ईमेलवर लिंक येते आणि नवीन पासवर्ड ठेवता येतो. दुसरी: लिंक ३० मिनिटांनी बाद होते आणि एकदाच चालते. तिसरी: तासात पाचपेक्षा जास्त वेळा लिंक मागितली तर थांबवायचं. प्रत्येक स्टोरीत स्क्रीनपासून डेटाबेसपर्यंतचं थोडं थोडं काम आलं, आणि पहिली तिसऱ्या दिवशी टेस्टरकडे गेली. (पहिली एकटीच लोकांसाठी उघडू नका, सुरक्षेचा घोळ होईल. दुसरी होईपर्यंत फीचर फ्लॅग, म्हणजे सोय चालू-बंद करायची कळ, बंद.) दोन-तीन दिवसांत संपणार नाही अशी स्टोरी प्लॅनिंगला आलीच, तर ती तिथेच कापा.

आणि टेस्टरने कोडची वाट बघत बसू नये. स्टोरी सुरू करताना पीओ, डेव्हलपर आणि टेस्टर यांनी दहा मिनिटं बसून उदाहरणं लिहून घ्यावीत: चुकीचा ईमेल टाकला तर काय, जुनी लिंक दाबली तर काय. टेस्टिंगमध्ये परत आलेल्या बगांपैकी बरेचसे या दहा मिनिटांत सापडले असते.

पंधरा_मिनिटं
वरच्या सगळ्याशी सहमत, पण मी स्प्रिंट उलट एका आठवड्याचा करीन, निदान पहिले सहा. नव्या टीमला चूक दुरुस्त करायची संधी दर आठवड्याला मिळते आणि मोठ्या स्टोऱ्या आपोआप कापाव्या लागतात.

डेलीबद्दल: मर्यादा १५ मिनिटांची, मग टीम केवढीही असो. ४० मिनिटं लागतात कारण माणसागणिक फेरी चालते आणि प्रत्येकजण स्क्रम मास्टरकडे बघून हजेरी देतो. 'काल काय केलं, आज काय करणार, अडचण काय' हे तीन प्रश्न २०२० च्या स्क्रम गाइडमधून (स्क्रमच्या अधिकृत पुस्तिकेतून) काढलेत. माणसांऐवजी कार्डांवरून फिरा, 'पूर्ण'च्या सर्वात जवळचं कार्ड आधी, आणि एकच विचारा: हे आज पुढे सरकायला काय हवंय? तांत्रिक चर्चा सुरू झाली की ज्यांचा संबंध आहे ते दोघं-तिघं डेलीनंतर थांबतील, बाकीचे जातील. स्क्रम मास्टरने दोन-तीन दिवस मुद्दाम मागे उभं राहून बघावं. नजरा कुणाकडे वळतात त्यावरून सगळं कळतं.

उजवीकडून_डावीकडे
एक आठवड्याला माझा विरोध नाही, पण बिल्ड आणि रिग्रेशन टेस्टिंग (नव्या बदलाने जुनं काही बिघडलं नाही ना, याची तपासणी) हाताने होत असेल तर पाच दिवसांतला दीड दिवस त्यातच जाईल. आधी ते तपासा.

पीओच्या_खुर्चीतून
मॅनेजरच्या मुद्द्यावर. स्प्रिंटमध्ये किती काम होईल हा अंदाज असतो. २०११ साली गाइडमध्ये मुद्दाम तसा बदल केला गेला. २०२० च्या आवृत्तीत कमिटमेंट हा शब्द आहे, पण तो स्प्रिंट गोलला (स्प्रिंटच्या उद्दिष्टाला) जोडलेला, स्टोऱ्यांच्या संख्येला नाही. पॉइंट आणि व्हेलॉसिटी (स्प्रिंटमागे पूर्ण होणारे पॉइंट) तर गाइडमध्ये सापडणारच नाहीत.

तुमच्या प्रश्नात स्प्रिंट गोलचा उल्लेखच नाही, हे मला जास्त खटकलं. 'ठरलेल्या बारा स्टोऱ्या पूर्ण करणे' हा गोल नव्हे, ती यादी झाली. 'हेल्पडेस्कला फोन न करता वापरकर्त्याला पासवर्ड बदलता यावा' हा गोल. पाचव्या दिवशी काम जास्त निघालं तर टीम आणि पीओ मिळून तासाला पाच लिंकच्या मर्यादेची स्टोरी पुढे ढकलू शकतात, गोल शाबूत राहतो. यादीत ही मोकळीक नसते, त्यातलं काहीही राहिलं की अपयश. मॅनेजरना चार्ट पाठवू नका, स्प्रिंटअखेरच्या रिव्ह्यूला बोलवा आणि चालतं सॉफ्टवेअर त्यांच्या हातात द्या.

आणि 'पूर्ण' म्हणजे काय ते लिहून भिंतीवर लावा. सुरुवातीला पाच ओळी पुरे: कोड दुसऱ्याने पाहिला, मुख्य ब्रांचमध्ये (कोडच्या मुख्य प्रतीत) मर्ज झाला, ऑटोमेटेड टेस्ट हिरव्या, टेस्टरने टेस्ट एन्व्हायर्नमेंटवर तपासला, त्या स्टोरीचा गंभीर बग उघडा नाही. हे ठरलेलं नसेल तर डेव्हलपरचं 'झालं' आणि टेस्टरचं 'झालं' यांत दोन दिवसांचं अंतर राहतं.

कोरा_बोर्ड
धन्यवाद. गोल खरंच नव्हता. आणखी दोन शंका: मध्येच येणारे प्रॉडक्शनचे बग कुठे धरायचे? आणि दुसऱ्या स्प्रिंटमधून उरलेल्या १९ पॉइंटचं काय?

पंधरा_मिनिटं
बग त्याच बोर्डवर, वेगळ्या रंगाच्या कार्डाने. वेगळी यादी केली की तो वेळ कुणाला दिसत नाही. एक डेव्हलपर आठवड्यापुरता बगांसाठी नेमा, आळीपाळीने; बाकी चौघांना त्यात ओढायचं नाही. त्याची क्षमता प्लॅनिंगमध्ये धरू नका. बग आले नाहीत तर तो इतरांच्या कार्डावर मदतीला.

पीओच्या_खुर्चीतून
उरलेल्या स्टोऱ्या आपोआप पुढच्या स्प्रिंटमध्ये सरकवू नका. सगळ्या प्रॉडक्ट बॅकलॉगमध्ये परत, आणि पीओने क्रम नव्याने लावायचा. एखादी आता नकोशीही झालेली असेल. जी परत घ्याल तिचं उरलेलं काम किती, ते प्लॅनिंगला बोलून घ्या, पॉइंट बदलत बसू नका. आणि न मर्ज झालेल्या ब्रांच आठवडाभर पडू देऊ नका. स्टोरी तळाला गेली असेल तर ब्रांच बंद करा.