मदत हवी आहे : दुकानातील नव्या मुलामुलींना व्यावसायिक मानकांप्रमाणे कसे शिकवावे?

नमस्कार. नागपुरात सीताबर्डीवर आमचे तयार कपड्यांचे दुकान आहे. दिवाळीच्या हंगामासाठी सहा नवी मुले-मुली कामावर घेतली आहेत. आजवर आमच्याकडे जुन्यांचे पाहून शिकण्याची रीत होती. यंदा मात्र रिटेल क्षेत्राच्या कौशल्य परिषदेने, म्हणजे रास्कीने, तयार केलेली राष्ट्रीय व्यावसायिक मानके समोर ठेवून शिकवावे, असे मनापासून वाटते. या मानकांत प्रत्येक कामाचे निकष, त्यासाठी लागणारे ज्ञान आणि कौशल्ये वेगवेगळी मांडलेली असतात, आणि २०१३ साली प्रथम अधिसूचित झालेल्या राष्ट्रीय कौशल्य पात्रता आराखड्यानुसार त्या कामाचा स्तरही ठरलेला असतो.

अडचण प्रत्यक्ष पारख करताना येते. परवा एका मुलीने ग्राहकाला कुर्ते फार आपुलकीने दाखवले, माप नुसत्या नजरेने अचूक ओळखले. पण ग्राहकाने बदलण्यासाठी परत आणलेला कुर्ता पावती आणि बारकोड न पडताळताच घडी घालून कप्प्यात ठेवला, आणि रात्री साठा जुळेना. माझ्या मते ग्राहकसेवा व मालाची नोंद यांची पारख स्वतंत्रच व्हावी, नाहीतर चांगली मुलगी उगाच नापास ठरते.

काम पाहताना दोन्हींची पारख वेगवेगळी नोंदवता येईल, असा निरीक्षणतक्ता कोणी साध्या मराठीत तयार केला आहे का? तसेच, वीस वर्षे आमच्याकडे असलेल्या काकांना पूर्वानुभवाच्या आधारे प्रमाणपत्र मिळवून द्यायचे आहे. ही मूल्यमापनाची प्रक्रिया कोणी पार पाडली असल्यास, उमेदवाराकडून नेमकी कोणती तयारी करून घेतली, ते कृपया सविस्तर सांगावे.