मदत हवी आहे: 'इंडेम्निफाय' कुठे तोडू आणि मराठीत काय लिहू?

नमस्कार मंडळी,

गिरगावात माझं डीटीपीचं काम आहे. एका सोसायटीसाठी इंडेम्निटी बॉण्डचा नमुना लावतोय. सभासद वारला आणि नॉमिनेशन नसेल, तर वारसाकडून घेतात तो. डाव्या रकान्यात इंग्रजी, उजव्यात मराठी. रकाने अरुंद, त्यामुळे 'इंडेम्निफाय' नेमका ओळीच्या टोकाला येऊन तुटतो.

अमेरिकी कोशात तो इन-डेम-नि-फाय असा फोडलेला आहे. शेवटची 'एफ वाय' ही दोनच अक्षरं खालच्या ओळीत टाकत नाहीत, म्हणून मी 'डेम'नंतर तोडतो. सॉफ्टवेअर मात्र कधी नुसता 'इन' वर ठेवतं. ते चालतं का?

खरी अडचण अर्थाची आहे. परवा प्रूफ बघायला एक मावशी आल्या होत्या. यजमान गेले, शेअर सर्टिफिकेट नावावर करायचंय. 'इंडेम्निफाय'साठी मी लिहिलेल्या 'सोसायटीस नुकसानभरपाई देत आहे' या ओळीवर बोट ठेवून त्यांनी विचारलं, "किती द्यायचेत? आणि माझ्याकडून नुकसान काय झालंय?" मला पटकन उत्तर सुचलं नाही, आणि चूक माझ्या ओळीचीच होती.

भारतीय करार अधिनियम, 1872 च्या कलम 124 मध्ये इंडेम्निटीला दुसऱ्याला नुकसानीपासून वाचवण्याचं वचन म्हटलंय. मग ते नुकसान वचन देणाऱ्यामुळे होवो वा तिसऱ्याच कुणामुळे. मुळातल्या लॅटिन शब्दाचा अर्थही 'ज्याला झळ लागलेली नाही असा'. म्हणजे उद्या दुसरा वारस दावा घेऊन उभा राहिला, तर सोसायटीला झळ पोचू द्यायची नाही. आज कुणी पैसे मोजायचे नाहीत.

जुन्या खरेदीखतांत आपल्याकडे 'तुम्हास तोशीस लागू देणार नाही' असं लिहीत. मला तेच पसंत आहे. पण तोशीस लागलीच तर भरून देण्याचं काय? शिवाय मुंबई उच्च न्यायालयाने 1942 मध्ये गजानन मोरेश्वर खटल्यात सांगितलंय की वचन मिळालेल्याच्या अंगावर देणं पक्कं झालं असेल, तर प्रत्यक्ष पैसे जाण्याआधीही त्याला ते वचन देणाऱ्याकडून निस्तरून मागता येतं. म्हणून असं लिहिलंय: 'सोसायटीस तोशीस लागू देणार नाही, व लागल्यास ती स्वखर्चाने निवारून देईन.'

वकिली मसुदे करणाऱ्यांनी सांगा, यात काही निसटतंय का? मथळा 'हमीपत्र' नको ना? कलम 126 ची हमी वेगळी, तिथे मूळ ऋणकोही लागतो. शुक्रवारी छपाई आहे, त्याआधी मावशींना नवी ओळ वाचून दाखवायचीय.